सोळावी भाजी

आमच्या घरात ताटात काकडीचे पाच काप वाढले, तर जेवण झाल्यावर ताटात पाचच काप सापडतात. चार नाहीत, सहा नाहीत. मी बत्तीस वर्षं सरकारी अभिलेख कक्षात काढली आहेत. आत गेलेला कागद जसाच्या तसा बाहेर यावा, ही आमच्या खात्याची प्रतिज्ञा, आणि खात्याला ती एकदाही पाळता आलेली नाही. माझ्या मुलाला, अनिशला, ती दोन्ही वेळच्या जेवणात जमते. काप जागचा हलत नाही, कापावरचं मीठ हलत नाही, आणि शेजारचा वडाभात मात्र वरच्या फोडणीच्या तेलासकट नाहीसा होतो. यावर बापानं रागवायला हवं, हे मला कळतं. पण मला आधी अचंबा वाटतो, आणि तो ओसरेपर्यंत पोरगा हात धुऊन गेलेला असतो.

म्हणून मी रजिस्टर घातलं. लांब पुठ्ठ्याचं, लाल पाठीचं. रकाने पाच: तारीख, पदार्थ, आवक म्हणजे ताटात पडलेलं, जावक म्हणजे ताटातून परत आलेलं, आणि शेरा. घरातल्या प्रत्येक माणसाला स्वतंत्र पान. ज्या गोष्टीची नोंद नाही ती घडलीच नाही, असं आम्ही कक्षात मानतो. आणि ज्या गोष्टीची नोंद आहे ती घडलीच असेल असं नाही, हेही आम्हीच जाणतो. पुढे जे झालं ते या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत झालं.

घराला पौष्टिक खायला घालायची ही मोहीम माझ्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती निघाली वेदिकाच्या. वेदिका माझी थोरली मुलगी. समुद्रशास्त्र शिकली, आणि दोन वर्षांपूर्वी थेट तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जाऊन तिथल्या बायकांबरोबर समुद्री शेवाळाची शेती करू लागली. खायचं शेवाळ, आणि शेती चक्क समुद्रात. नागपूर आणि समुद्र यांच्यात कुठल्याही बाजूनं गेलं तरी निदान एक रात्र रेल्वेत काढावी लागते, त्यामुळे आमच्या बेसा भागातल्या सोसायटीत हे समजावून सांगताना मला नेहमी घाम फुटायचा. "पोरगी काय करून राहिली सध्या?" असं कोणी विचारलं की मी "संशोधन" म्हणायचो आणि लिफ्ट असली तरी जिन्याकडे वळायचो.

घरात तर विषयच निघत नसे. त्याचं कारण यमुताई.

यमुताई माझी सगळ्यांत मोठी बहीण. माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी. खापा गावच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. लग्न केलं नाही; शाळा केली, आणि मला वाढवलं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी खाप्याचं घर विकलं आणि आमच्याकडे आली, त्याला अकरा वर्षं झाली. घरात ती आवाज चढवत नाही. चष्मा काढते आणि पुसते. वेदिकानं प्रोफेसर व्हावं असा तिचा निर्णय वेदिका तिसरीत असतानाच झालेला होता. शेवाळाची बातमी ऐकल्यावर तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "विहिरीतलं शेवाळ काढायला आमच्याकडे एक माणूस यायचा. तो सातवी नापास होता." त्यानंतर दोन वर्षं तिनं वेदिकाला कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. प्रकृती विचारली, पाऊस विचारला, रेल्वे वेळेवर होती का विचारलं. काम नाही.

वेदिका पोटातलं बोलून दाखवणारी नाही. पण मे महिन्यात फोनवर एकदा म्हणाली, "बाबा, मी गावोगावी सांगत फिरते, हे खा, चांगलं आहे. आणि माझ्याच घरात कोणी तोंडात घालत नाही. एकदा तरी खाऊन बघा ना." मी म्हणालो, सोड ती काळजी. ते म्हणताना माझा आवाज बऱ्यापैकी भारदस्त आला होता, तोच पुढे नडला.

पहिलं पार्सल आलं ते अडकलं. पार्सल कचेरीत खिडकीमागे सुशीलबाबू नावाचे गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर, समोर यादी. यादीत धान्य होतं, फळ होतं, औषध होतं, कपडा होता. माझ्या खोक्यावर लिहिलेलं होतं, समुद्री उत्पादन.

"समुद्री म्हणजे मच्छी," सुशीलबाबू म्हणाले. "मच्छी थर्माकोलात येते, बरफ लावून. तुमची सुकी काहून हाय?"

मी म्हणालो, ही भाजी आहे.

त्यांनी खोकं उलटं करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "भाजी असन तर समुद्रात काहून गेली?"

खरं सांगतो, मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. बत्तीस वर्षांत मी लोकांना परत पाठवण्यासाठी इतका शुद्ध प्रश्न कधी विचारू शकलो नव्हतो. शेवटी आम्ही दोघांनी मिळून एक घोषणापत्र तयार केलं. "सदर वस्तू वनस्पती असून ती हयातीत कधीही पोहलेली नाही" हे वाक्य त्यांचं. "माझ्या माहितीप्रमाणे" ही दुरुस्ती माझी. दोन प्रतींत सही करून खोकं ताब्यात घेतलं तेव्हा आम्ही एकमेकांना चहा पाजला.

खोक्यात तीन पाकिटं. एकात कागदासारखी काळी पानं, एकात हिरवट भुकटी, आणि एकात वाळलेल्या दोऱ्यांचा गुंता, त्यावर मिठाची पांढरी पुटं. हा गुंता वेदिकानं स्वतः लावून, स्वतः काढून, वाळवून पाठवलेला. चिठ्ठीत तसं लिहिलं होतं.

कागदी पानं मी गॅसवर पापडासारखी शेकून यमुताईच्या ताटाशी ठेवली. तिनं एक उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाली, "कार्बन पेपर अजून मिळतो?" नोंद: आवक एक, जावक एक, शेरा: तोंड वाकडं केलं. भुकटी मी पातोडीच्या बेसनात कालवली. अनिशनं रस्सा दोनदा मागून घेतला आणि पातोड्या ताटाच्या कडेनं अशा रचल्या की एखाद्या कंत्राटदारानं शिकावं. मध्ये एक आठवडा मी नाचणीच्या इडलीवर घालवला. दोन इडल्या खिडकीत कबुतरांना ठेवल्या. संध्याकाळी दोन्ही तिथेच होत्या आणि कबुतरं समोरच्या इमारतीत राहायला गेली होती.

बायकोचं, अस्मिताचं, तंत्र वेगळं. ती नाही म्हणत नाही. "वा, छान दिसतंय, उद्या खाईन" म्हणते. तिच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात "उद्या" हा शब्द मी एकेचाळीस वेळा लिहिला. बाईनं कोणाला दुखावलं नाही आणि एक घास खाल्ला नाही. असं काम एखाद्या मंत्र्याला जमलं असतं तर तो दिल्लीला गेला असता.

रविवारी वेदिकाचा फोन यायचा. "खातात का बाबा?" मी म्हणालो, लागतंय हळूहळू तोंडाला. ती शास्त्रज्ञ; तिनं विचारलं, साधारण किती ग्रॅम? आता रकाना रिकामा ठेवणं ही गोष्ट माझ्या हातून होत नाही. मी म्हणालो चाळीस. पुढच्या रविवारी साठ. जुलैत आमचं कुटुंब आठवड्याला तीनशे ग्रॅम शेवाळ खात होतं आणि अजून मागत होतं. फोनवरचा तिचा आवाज दर आठवड्याला थोडा मोकळा होत गेला, आणि माझा आकडा त्या आवाजाच्या मागे मागे चढत गेला. एका रविवारी ती म्हणाली, तिनं हे तिथल्या बायकांना सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आपणहून वेदिकाच्या घरच्यांसाठी दोन किलो पाठवलंय. आणि महालक्ष्म्यांना ती येतेय. या वेळी चार दिवस.

दोन किलोंचं पोतं आलं तेव्हा सुशीलबाबू ओळखीनं हसले. घोषणापत्राची प्रत त्यांनी जपून ठेवली होती.

आता हिशोब साधा होता. सांगण्याप्रमाणे घरातला साठा संपायला आला होता. प्रत्यक्षात तो वाढला होता. साठा आणि नोंद जुळत नसेल तर नोंद बदलतात, पण नोंद वेदिकाच्या डोक्यात होती. तेव्हा साठा कमी करणं भाग होतं. मी ठरवलं, पोत्यातलं एक किलो एकदम भिजवायचं आणि थालीपीठ, भजी, कढी, जे मिळेल त्यात घालून घरादाराला चार दिवसांत खिलवायचं. शनिवारी दुपारी, अस्मिता आणि यमुताई महालक्ष्म्यांच्या साड्या आणायला बाहेर पडल्यावर, मी मोरीत बादली ठेवली, शेवाळ टाकलं, पाणी सोडलं आणि पेपर वाचायला बसलो.

हे फुगतं, असं पाकिटावर लिहिलेलं होतं. तसं साबुदाण्याच्या पाकिटावरही लिहिलेलं असतं.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या भीमाबाई मोरीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, इतके केस काहून भिजवून राहिले?"

मी जाऊन पाहिलं. बादली दिसत नव्हती. बादलीच्या जागी एक तपकिरी, चकचकीत, जिवंत वाटावं असं काहीतरी चहूबाजूंनी उतरत होतं. मी त्यातलं निम्मं घंगाळात काढलं. घंगाळ भरलं. अनिशचा लहानपणीचा टब काढला, तोही भरला. आणि बादली पुन्हा भरलेली. मी कक्षात फायली फुगताना पाहिल्या आहेत, एका अर्जाची चार कपाटं होताना पाहिली आहेत. पण त्याला वर्षं लागतात. इथे माझ्या डोळ्यांदेखत एक किलोचं दहा-बारा किलो होत होतं. मोरीला समुद्राचा वास आला होता, आणि मला एकदम वाटलं, हे सगळं वेदिका रोज कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हातानं उचलते. मी खाली बसलो. भीमाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्याही बघत राहिल्या. "देवाची करणी हाय बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि भांडी न घासता गेल्या.

तेवढ्यात दारावर सोसायटीचे सचिव महादेवराव. आमच्या अगदी खालच्या घरात राहतात. मूळ खाप्याचे, तिथे त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि बेशात राहूनही ते प्रत्येक गोष्टीकडे, माणसांसकट, पीक म्हणून पाहतात.

"कृष्णकांतभाऊ, तुमच्या पाइपातून खाली समुद्र येऊन राहिला. आमची प्रेमिला म्हणते साप हाय. मी म्हणलं सापाले इतक्या शेपट्या नसतात."

मी त्यांना मोरी दाखवली. महादेवराव बादलीपुढे उकिडवे बसले. मग त्यांनी एक दोरा चिमटीत धरला, ताणला, हुंगला, आणि त्यांचा चेहरा उजळला. याचंच औषध ते बाटलीतून विकत आणतात, संत्र्याला फवारतात, बहर धरतो. हे फुकट मिळत असेल तर ते वावरात नेतील. आणि पाणी? पाणी अजिबात फेकायचं नाही. "झाडाले टाका, भाऊ. आठ दिवसांत पाहा वेल कसा सुटते."

बादलीतलं शेवाळही टबावर रचून ते घंगाळ आणि टब दोन्ही उचलून घेऊन गेले. साठा कमी झाला, पाइप मोकळा झाला, वर सल्ला मिळाला. सगळी कामं एका दुपारी मार्गी लागलेली पाहून मला भरून आलं. उरलेल्या पाण्याची बादली मी गॅलरीत नेली आणि यमुताईच्या कोहळ्याच्या वेलाला घातली. मग रजिस्टरात नोंद केली: शेवाळाचं पाणी, एक बादली, जावक: कोहळं.

इथे वेलाबद्दल सांगायला हवं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्यांची एकत्र भाजी लागते, हे नागपुरात सगळ्यांनाच माहीत. आमच्या घरचा रिवाज असा, की त्या सोळांतली एक भाजी घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं लावलेली असायची. खाप्याला अंगण होतं तेव्हा सोळापैकी नऊ-दहा घरच्याच असत. अंगण गेलं, भाज्या पंधरा बाजारातून येऊ लागल्या, तरी सोळावी यमुताईनं सोडली नाही. खाप्याहून आणलेलं बी ती दर वर्षी गॅलरीतल्या लोखंडी पिंपात लावते. कोहळं धरो न धरो, चार कोवळी पानं आणि दोन फुलं त्या दिवशी हवीत. तेवढ्यासाठी ती तीन महिने रोज सकाळी त्या पिंपाशी स्टूल टाकून बसते.

रविवारी वेलानं माना टाकल्या. सोमवारी पानं कागदासारखी वाजू लागली. मंगळवारी तो संपला. यमुताईला शनिवारी बाजारातून आल्यापासून सर्दी होती म्हणून ती गॅलरीत येत नव्हती, एवढीच काय ती देवीची कृपा. मी महादेवरावांना बोलावलं.

"पाणी खारट होतं का?"

म्हटलं, समुद्राचंच होतं.

"आधी धुतलं नाही?"

म्हटलं, तुम्हीच सांगितलं झाडाला टाका.

"झाडाले टाका म्हणलं, भाऊ. लोणचं घाला नाही म्हणलं."

बुधवारी संध्याकाळी त्यांनीच, अपराधी होऊन, खाप्याच्या वावरातून कोहळ्याची ताजी पानं आणि फुलं आणली. ती सरळ यमुताईपुढे ठेवली असती तर ती बाजारची ठरली असती, दुसऱ्याच्या वावरातली. मग मी ते केलं जे माझ्या हातांना बत्तीस वर्षांच्या सवयीनं येतं. मेलेल्या प्रकरणाला ताजी कागदपत्रं जोडली. नवी पानं जुन्या वेलाला जागोजाग बांधली. लांबून पाहिलं, आणि माझं मलाच नवल वाटलं. वेल डुलत होता.

गुरुवारी सकाळी यमुताई गॅलरीत गेली. मी चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा. मग आवाज आला, नेहमीचाच, खालच्या पट्टीतला.

"कृष्णा. या वेलाला फायलीचा टॅग कुठून आला?"

पांढरा सुती टॅग, टोकांना पत्र्याच्या टोप्या. घरात दुसरा दोरा नव्हता असं नाही. मला सुचलाच तो.

तिनं रजिस्टर मागितलं. रजिस्टर घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी कधी उघडलं नव्हतं. यमुताई स्टुलावर बसली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचू लागली, जसं ती शिक्षकांचं हजेरीपत्रक वाचत असेल. घाई नाही, पान गाळणं नाही. तिचं स्वतःचं "तोंड वाकडं केलं" वाचताना तिनं जरा मान हलवली. नोंद बरोबर होती. अस्मिताचे एकेचाळीस उद्या तिनं बोटानं मोजले. कबुतरांपाशी थांबली. शेवटी "जावक: कोहळं" आलं. तिथे बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

मी म्हणालो, ताई, चुकलो.

"ते दिसतंय," ती म्हणाली. "वेदिकाला काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. चाळीस, साठ, तीनशे. तिथल्या बायकांचा आनंद. दोन किलो. ती ऐकत होती. मग तिनं रजिस्टर पुन्हा चाळलं, पुढून मागे, मागून पुढे, काहीतरी शोधत असल्यासारखं.

"अस्मिताचं पान आहे. अनिशचं आहे. माझं आहे. कबुतरांचीसुद्धा नोंद आहे. तुझं पान कुठं आहे?"

मी तोंड उघडलं. नोंद करणाऱ्यानं स्वतःची नोंद करायची नसते, असा काहीतरी नियम मी सांगणार होतो. पण खरी गोष्ट अशी, की चार महिन्यांत मी त्यातला एक दोरासुद्धा जिभेला लावलेला नव्हता. कोणी विचारलं नव्हतं. मी मलाही विचारलं नव्हतं. घरभर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत फिरलो, माझं तोंड तेवढं कामात होतं.

यमुताईनं रजिस्टर मिटलं आणि स्वतःजवळ ठेवलं. उद्या नैवेद्य आणि सोळावी भाजी नाही. खाप्यातही असं एकदासुद्धा झालं नव्हतं. ती स्टुलावर बसून त्या पिंपाकडे बघत राहिली, आणि मी आयुष्यात इतका लहान कधी झालो नव्हतो.

दुपारी वेदिका आली. उन्हानं काळवंडलेली, पाठीवर पिशवी. आल्या आल्या तिनं आईला मिठी मारली, अनिशच्या डोक्यात टपली मारली, आणि मग वाकून यमुताईला नमस्कार केला. यमुताईनं आशीर्वादाला हात उचलला आणि मध्येच तिचे दोन्ही हात धरले. उलटे केले. तळव्यांवर दोरीचे वळ होते, बोटांच्या पेरांवर बारीक चिरा, काही ताज्या, काही भरलेल्या. यमुताई ते वळ वाचत होती, सकाळी रजिस्टर वाचलं तसेच.

"लावतात कसं ते?" तिनं विचारलं.

वेदिकाला आधी कळलंच नाही, काय ते. मग कळलं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि सांगू लागली. बांबूची चौकट करतात. दोरीला एकेक लहान फांदी बांधतात, शेकड्यानं, हातानंच. पहाटे ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात नेऊन सोडतात. मासे कुरतडतात, लाटा तोडतात, पुन्हा बांधायचं. तिच्याबरोबर सतरा बायका आहेत, एकीचं वय एकाहत्तर.

"किती दिवसांत येतं?"

"पंचेचाळीस."

"कोहळ्याला नव्वद लागतात," यमुताई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पहिल्या पार्सलातली ती दोऱ्यांची भाजी. तू स्वतः बांधलीस? तुझ्या हातानं?"

"हो, आत्या. का?"

आत्या उठली. मला म्हणाली, ते पाकीट काढ.

दुसऱ्या दिवशी सोवळ्यात तिनं ती मूठभर वाळकी भाजी सात पाण्यांनी धुतली, आणि ते पाणी दुसरीकडे कुठेही न टाकता मोरीतच टाकायला सांगितलं, माझ्याकडे बघून. पंधरा भाज्या चिरून तयार होत्या. कामाला मदतीला आलेल्या प्रेमिलावहिनींना राहवलं नाही. समुद्रातली वस्तू देवीच्या नैवेद्याला चालते का, असं त्यांनी फार हळू विचारलं.

"मीठ कुठून येतं, वहिनी?" यमुताई म्हणाली. "खाप्याहून? आपण आयुष्यभर भाजीत समुद्रच घालत आलो. आज पानासकट घालू." आणि कढई खाली घेता घेता, कोणाला उद्देशून नाही, पण घरभर ऐकू जाईल असं, "सोळावी आमच्या वेदिकानं लावलेली. घरची."

वेदिका तेव्हा केळीची पानं पुसत होती. ती पुसतच राहिली. एकच पान, बराच वेळ.

नैवेद्य दाखवला, पडदा ओढला. देवी जेवते तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही. मी त्या पडद्यासमोर अनेक वर्षं उभा राहिलो आहे, हात जोडून, पोळ्या किती झाल्या असतील याचा अंदाज घेत. त्या दिवशी अंदाज सुचला नाही. आत ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी बसल्या होत्या, त्यांच्यापुढच्या पानात समुद्र होता, आणि त्यांनी नाही म्हटल्याचं काही ऐकू येत नव्हतं.

मग पंगत. महालक्ष्मीचा प्रसाद पानात टाकत नाहीत, हे अनिशलाही ठाऊक आहे. त्यानं डोळे मिटून पहिला घास घेतला, डोळे उघडले, आणि तिसऱ्या घासाला भाजी मागितली. अस्मिता म्हणाली, "छान लागतेय," आणि या वेळी उद्या म्हणाली नाही. महादेवराव खाली मान घालून जेवत होते. त्यांचा वेल तेवढा शाबूत होता.

माझ्या पानाशी यमुताई स्वतः आली. एका हातात भाजीचं भांडं, दुसऱ्या हाताखाली लाल पाठीचं रजिस्टर. वाढलं, आणि सगळी पंगत हात थांबवून बघत होती तरी तिथेच उभी राहिली. वेदिका समोर बसली होती. तिनं फोनवरच्या तीनशे ग्रॅमबद्दल अजून एक शब्द काढला नव्हता, आणि तिच्याकडे पाहून मला कळलं, की तिला आत्यानं सगळं सांगितलेलं आहे. ती रागावलेली दिसत नव्हती. फक्त बघत होती. लहानपणी मी औषध घेताना बघायची तशी.

मी घास घेतला. सोळा भाज्यांत ती कुठली, हे जिभेला शोधावं लागलं. मग सापडली. किंचित खारट, किंचित चिवट. चावली. गिळली.

यमुताईनं रजिस्टर उघडलं. शेवटचं कोरं पान. वरती तिच्या वळणदार शाळामास्तरणीच्या अक्षरात नाव आधीच लिहिलेलं होतं: कृष्णकांत. आवक: एक डाव भाजी. जावक: निरंक. मग तिनं थोडा विचार केला, शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, आणि रजिस्टर साक्षीच्या सहीसाठी वेदिकाकडे दिलं. वेदिकानं वाचलं, दोन वर्षांनी त्या घरात मोठ्यानं हसली, आणि चिरांच्या बोटांनी सही केली.

शेरा असा होता: तोंड वाकडं केलं, पण खाल्लं.